सुट्टीचा वार

अलीकडे तरुण कुटुंबांशी बोलताना एक शब्द फार ऐकू येतो, तो म्हणजे समतोल. आमच्या लहानपणी समतोल असायचा तो आहाराचा, आणि तोही शाळेच्या पुस्तकातच; घरच्या ताटात बाजरीची भाकरी आणि कोरड्यास एवढाच ऐवज असे. आता नोकरी आणि घर यांचा समतोल, मुलांचा अभ्यास आणि खेळ यांचा समतोल, सासर आणि माहेर यांचा समतोल. शब्द चांगला आहे. पण समतोल म्हटला की तराजू आला, दोन पारडी आली आणि वजनेही आली. ही वजने कोणाच्या घरून आणली जातात, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो करण्याचे निमित्त मला एका खेळाने दिले. तो खेळ म्हणजे गोल्फ. एका धर्मगुरूने गोल्फवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल; परंतु माण आणि हिंजवडी यांच्या आसपास ज्यांचे वास्तव्य आहे, त्यांना मुळीच वाटणार नाही.

माण हे मुळशी तालुक्यातले गाव. मुळशी म्हणजे भाताचा मुलूख. आंबेमोहोराचा वास शिवेवरूनच यावा असा. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा याच गावाच्या जमिनीवर उभा राहिला. जिथे खाचरे होती तिथे काचेच्या इमारती आल्या आणि त्यांच्यामागोमाग आपली माणसेही आली. वसईची, गोव्याची, मंगळूरची, केरळची आणि आमच्या नगर-जालन्याकडची. येथून शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजी झाली. तेव्हापासून खांबांकडे पाहत वाहनांच्या रांगेत बसणे हा येथील लोकांच्या दिनचर्येचाच भाग होऊन गेला. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परततो तेव्हा दिवसाचे उरलेसुरले तासच घराच्या वाट्याला येतात. म्हणून शनिवार आणि रविवार यांना इथे फार मोल आहे.

अशाच एका शनिवार-रविवारची ही हकिगत आहे. ज्याची आहे त्याच्या संमतीने, नाव गाळून सांगतो.

वय त्रेचाळीस, शिक्षणाने अभियंता, मूळचा श्रीरामपूरकडचा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. थोरला भाऊ सहकारी साखर कारखान्यात फिटर, एक बहीण जालन्याकडे शिक्षिका. हा धाकटा शिकला, पुण्यास आला आणि माणच्या एका कंपनीत वीस-बावीस जणांच्या गटाचा प्रमुख झाला. पत्नी चिंचवडच्या एका रुग्णालयात परिचारिका. एकुलती एक मुलगी नऊ वर्षांची. २०२५ च्या जानेवारीत, तिसऱ्या आठवड्यातील शनिवारी, वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनाची मिस्सा गावी ठरलेली होती. कबरीवर नवा क्रूस बसवायचा होता, भावकी जेवायला बोलावलेली होती. त्याच रविवारी सकाळी आमच्या धर्मग्रामात प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांच्या पालकांचा वर्ग होता. आणि त्याच शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारपर्यंत कंपनीने निवडक प्रमुखांना लोणावळ्याच्या बाजूला गोल्फ खेळण्यासाठी नेण्याचे योजले होते. परदेशातून नवे साहेब येणार होते. ज्या प्रकल्पावर याच्या गटाचे पोट अवलंबून, त्याचे पुढे काय करायचे हे त्यांच्या हाती होते.

‘फादर, पालकांचा वर्ग दुसऱ्या दिवशी होईल का?’ एवढेच विचारायला तो आला होता. बाकीचे मी विचारल्यावर सांगितले.

आपल्यापैकी काहींना वाटेल, बाप गेल्याला वर्ष होते आणि हा काठी घेऊन चेंडूमागे जातो! मलाही क्षणभर तसे वाटले असते. पण तो समोर बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सहलीला निघालेल्या माणसाचा आनंद नव्हता. मुंबईच्या गिरणी कामगाराला टाळेबंदीची नोटीस फाटकावर लागलेली दिसत असे. या मुलांना ती दिसत नाही. एक दिवस सकाळी संगणकावर परवलीचा शब्द चालत नाही, एवढेच. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोणाचे काम राहील आणि कोणाचे जाईल, याची कुजबुज तेव्हा सुरू झालीच होती. पुढे जुलै महिन्यात देशातील सर्वांत मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीने आपल्या जगभरातील मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ती कुजबुज उगीच नव्हती हे सर्वांना कळून चुकले. या मुलाला गोल्फची आवड नाही. त्याने सहा महिने हिंजवडीतल्याच एका गृहसंकुलाच्या मैदानावर शिकवणी लावून काठी फिरवण्याचा सराव केला होता, जसा आपण परीक्षेसाठी न आवडणारा विषय घोकतो तसा. त्याची पत्नी हसत म्हणाली, ‘फादर, यांनी सहा महिन्यांत किती चेंडू मारले ते मला ठाऊक आहे. आईला किती फोन केले तेही ठाऊक आहे.’ ती हसत होती; तो मात्र हसला नाही.

गोल्फच का, हा प्रश्न मला पडला. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मुलांना हा खेळ कुठून चिकटला? त्याचे उत्तर खेळाच्या घडणीतच आहे. अठरा होलांचा एक पूर्ण डाव खेळायला चार-साडेचार तास लागतात. त्यात प्रत्यक्ष चेंडू मारण्याचा वेळ अगदी थोडा. बाकी सारे चालणे आणि बोलणे. चार माणसे, मोकळी हवा, आणि मधेच उठून जाण्याची सोय नाही. कार्यालयात ज्या साहेबाची दहा मिनिटे मिळायची मारामार, तो इथे अर्धा दिवस शेजारून चालत असतो. खेळाच्या रूपाने भरलेली ती बैठकच म्हणायची. म्हणूनच सुट्टीच्या दिवशी असली तरी तिला सुट्टी म्हणता येत नाही, आणि कागदावर ती काम म्हणूनही नोंदली जात नाही.

पुण्याला हा खेळ नवा नाही. येरवड्याचा पूना गोल्फ क्लब १८८६ सालचा. आपल्या पुणे धर्मप्रांताची स्थापनाही त्याच वर्षीची, हा केवळ योगायोग! नगर रस्त्यावरच्या पेपल सेमिनरीत आम्ही शिकत होतो, तेव्हा संध्याकाळी फिरायला त्या बाजूला जात असू. कुंपणापलीकडे विस्तीर्ण हिरवळ, तिच्यावर पांढऱ्या टोप्यांची चार-दोन माणसे आणि त्यांच्यामागे पिशव्या वाहणारी, आमच्यासारखीच काळी-सावळी मुले. आम्ही त्या मुलांकडे अधिक पाहत असू. खेळणाऱ्यांची ती सुट्टी होती आणि पिशवी वाहणाऱ्यांची रोजी. याच पुण्यात खेळणारा उदयन माने २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकपर्यंत गेला, हेही सांगितले पाहिजे. खेळाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

या खेळाचे माहेर म्हणजे स्कॉटलंड. सेंट अँड्र्यूज गावचे जुने मैदान साऱ्या जगातील गोल्फ खेळणाऱ्यांचे तीर्थक्षेत्र समजले जाते. ते मैदान, एखादी मोठी स्पर्धा असेल तेवढे सोडून, रविवारी खेळासाठी बंद असते! त्या दिवशी गावकरी तिथे पाय मोकळे करतात, कुत्री फिरवतात, मुले हिरवळीवर बागडतात. खेळाडूंना विश्रांती नको असली तरी मैदानाला ती हवी, असे तिथल्या एका जुन्या राखणदाराचे मत असल्याचे सांगतात. म्हणजे गोल्फच्या माहेरी रविवार सर्वांचा आहे. सासरी येताना मात्र तो हुंड्यात द्यायचा राहून गेला.

आपल्याकडे रविवार सर्वांचा कसा झाला, ही कथा आपल्या घरांत मुलांना सांगितली जात नाही. रविवारची सुट्टी साहेबाने आणली, चर्चमुळे आली, असे आपण ख्रिस्ती लोक तर सहज धरून चालतो. सरकारी कचेऱ्यांपुरते ते खरे असेल. गिरण्यांत राबणाऱ्यांना मात्र ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली. लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी, ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. त्यांचे मूळ गाव खेड तालुक्यातील कन्हेरसर, म्हणजे आज ज्या चाकण पट्ट्यात मोटारींचे कारखाने आहेत त्याच तालुक्यातले. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी ही त्यातील पहिली मागणी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा हीही एक होती. यावरून त्या वेळची स्थिती कळते. रविवार हा खंडोबाचा वार, घरच्या देवाचा वार, असा दाखला लोखंडे देत असत असे सांगतात. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनी त्या सभेत भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करीत असताना लोखंडे त्याच रोगाने वारले.

मला या कथेत मोलाची वाटते ती एक गोष्ट. लोखंड्यांनी प्रत्येक कामगाराला वर्षाकाठी बावन्न रजा द्या, हव्या तेव्हा घेऊ द्या, असे मागितले नाही. सर्वांना एकच वार मागितला. बावन्न रजा घेऊन एकटा माणूस घरी बसला असता. एकच वार मिळाल्यामुळे भाऊ भावाकडे जाऊ शकला.

हे मला माझ्या वडिलांच्या आयुष्यावरून समजते. १९७२ च्या दुष्काळानंतर ते राहुरीकडून पिंपरीस आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात लागले. विजेच्या टंचाईमुळे औद्योगिक वसाहतींना साप्ताहिक सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिलेले असत. पिंपरी-भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे रविवारी आई आम्हा भावंडांना घेऊन मिस्सेला जाई आणि वडील पहिल्या पाळीला. त्यांना रविवारचा फार सल होता. तरीही गुरुवार हा आमच्या चाळीचा सणच असे. सगळे बाप एकाच दिवशी घरी! कोणी सायकल उलटी करून दुरुस्त करतो आहे, कोणी गादीचा कापूस उन्हात टाकला आहे, संध्याकाळी कोणाच्या तरी खोलीत रोझरी, आणि मग सर्वांना मिळून एका पातेल्यातला चहा. कोणाच्या मुलीची सोयरीक जमवायची असो की कोणाचे भांडण मिटवायचे असो, ‘गुरुवारी बसू’ एवढे म्हटले की पुरे. तारीख मागावी लागत नसे.

आजच्या माणला एकाऐवजी दोन दिवस सुट्टी आहे. दोन दिवस एकापेक्षा अधिक, हे गणित कोणीही मान्य करील. परंतु ते दोन दिवस प्रत्येकाने एकट्याने राखायचे असतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, काम घरात शिरले, आणि ते पुन्हा कार्यालयात गेले तरी जाताना दार उघडेच ठेवून गेले. अमेरिकेतला शुक्रवार संपतो तेव्हा आपला शनिवार उजाडलेला असतो. गिरणीचा भोंगा वाजला की मालकालाही कळे की आता कामगार आपला नाही. हल्ली भोंगा नाही. खिशातला फोन आहे, आणि त्याला ‘नाही’ म्हणायचे ते ज्याच्या त्याने.

त्या मुलाने समतोल कसा साधला ते आता सांगतो. स्मृतिदिनाची मिस्सा शनिवारऐवजी गुरुवारी संध्याकाळी ठेवावी असे त्याने घरी सुचविले. आई लगेच म्हणाली, ‘तू ये म्हणजे झालं, वार कुठलाही असू दे.’ हंगाम गाळपाचा होता. भावाने मोठ्या मिनतवारीने शनिवारची बदली सुट्टी मिळविली होती, ती सोडून त्याने गुरुवारी बिनपगारी रजा टाकली. पत्नीची गुरुवारी रात्रपाळी होती. ती तिने एका केरळी सिस्टरला दिली, आणि त्या सिस्टरने आपल्या मुलाला शेजाऱ्यांकडे झोपविले. जालन्याच्या बहिणीच्या शाळेत त्या दिवशी तपासणी होती. तिला येता आले नाही. मिस्सा चालू असताना भाच्याने फोन वेदीच्या बाजूला धरला आणि तिने बापाच्या स्मृतिदिनाची प्रार्थना शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून ऐकली. मीही एक लहानसे वजन टाकले. त्या दांपत्यासाठी पालकांचा वर्ग बुधवारी रात्री नऊ वाजता वेगळा घेतला. गुरुवारी मध्यरात्री तो गावाहून निघाला, पहाटे घरी पोहोचला, आणि शुक्रवारी संध्याकाळी बूट आणि काठ्या घेऊन गाडीत बसला.

काहीही बुडाले नाही. मिस्सा झाली, वर्ग झाला, गोल्फ झाला. तो स्वतः मला म्हणाला, ‘फादर, सगळं बसवलं.’ खोटे नव्हते ते. फक्त तराजूच्या दुसऱ्या पारड्यात भावाचा एक दिवसाचा पगार, एका अनोळखी सिस्टरची रात्र आणि बहिणीचे बापाच्या कबरीपाशी उभे राहणे, एवढे ठेवावे लागले. यांपैकी कोणीही तक्रार केली नाही. आपल्या कुटुंबांत जो सर्वांत अधिक मिळवितो त्याच्या वेळेभोवती बाकीच्यांचे वार फिरतात, आणि ते इतक्या प्रेमाने फिरतात की कुरकुर ऐकूच येत नाही.

साहेब आले, खेळले, हवेची तारीफ केली. प्रकल्पाविषयी तीन दिवसांत एक अवाक्षर काढले नाही. महिन्याभराने पत्र आले. गटातील निम्मी माणसे दुसऱ्या शहरात गेली, काहींना घरी बसावे लागले. त्याची नोकरी राहिली, पण कामाची वेळ दुपारी दोन ते रात्री अकरा झाली. ती गोल्फमुळे राहिली की कामामुळे, हे त्याला ठाऊक नाही. गोल्फला न गेलेला एक सहकारीही राहिला आणि गेलेला एक सुटला.

येथे आम्हा धर्मगुरूंचाही हिशेब मांडणे प्राप्त आहे. शनिवारी सायंकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते, अशी सोय ख्रिस्तसभेने केली आहे आणि ती अनेकांना उपयोगी पडते. परंतु मोकळ्या झालेल्या रविवारी आम्ही काय करतो? पालकांचा वर्ग, युवा मेळावा, महिला मंडळ, वित्त समिती, गायकवृंदाची तालीम! कंपनी दोन दिवसांतून घेते आणि उरलेल्यातून आम्ही. मी पॅरिश कौन्सिलमध्ये प्रस्ताव मांडला की महिन्यातील पहिल्या रविवारी मिस्सेनंतर काहीही ठेवू नये. गायकवृंदाचा कडक विरोध झाला. तासभर चर्चा होऊन प्रस्ताव मंजूर झाला. ती बैठकही, अर्थात, रविवारीच होती.

हिंजवडीच्या जुन्या गावकऱ्यांना असले प्रस्ताव करावे लागत नाहीत. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाची यात्रा भरते, हिंजवडीहून वाकडला बगाड निघते, आणि त्या दिवशी वाहतूक वळवावी लागते. जमीन गेलेले, पैसे आलेले, पुण्यात बंगले बांधलेले सगळे त्या दिवशी गावात हजर असतात. रजा मिळाली नाही म्हणून बगाडाला आलो नाही, असे म्हणणारा माणूस मला अद्याप भेटायचा आहे.

मे महिन्यात त्या मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला. साखर कारखान्याचा हंगाम संपला होता. थोरला भाऊ सहकुटुंब आला, आजी आली, जालन्याची आत्याही उन्हाळ्याची सुट्टी धरून आठ दिवस राहायला आली. महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणून मिस्सेनंतर दुसरे काही नव्हते. लोक घरी जातील असे मला वाटले होते. पण ते आवारातील चिंचेच्या सावलीत बारा वाजेपर्यंत नुसते बोलत उभे राहिले. भावाला धाकट्याचा तो खेळ पाहायचा होता. दुपारच्या जेवणानंतर आम्ही त्याला गृहसंकुलाच्या मैदानापाशी घेऊन गेलो. भावाने कुंपणाला हात टेकून ती हिरवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट न्याहाळली, चालू असलेले पाण्याचे फवारे मोजले, आणि धाकट्याला म्हणाला, ‘अरे, बारमाही पाणी! उसाला किती टन उतारा पडला असता रे इथं?’